तोंड उघडं, पोट भरलेलं

आधी पाणी, मग विस्तव. ज्या घरांच्या परसात अजून तांब्याचा बंब पेटतो, तिथे पोरांना हा नियम काडेपेटी हातात येण्याआधीच पाठ होतो. रिकाम्या बंबात जाळ केला तर तांबं लगेच वितळत नाही. त्याला १,०८५ अंश सेल्सियस लागतात. पण तोटीच्या सांध्याला कथलाचा डाक असेल तर तो आधी सुटतो, कारण कथील २३२ अंशांनाच पातळ होतं. मग बंब गळायला लागतो आणि तांबटाकडे खेप पडते.

यंत्र म्हणावं तर त्यात फिरणारा एकही भाग नाही. उभं, गोल तांब्याचं पिंप, त्याच्या मधोमध वरपर्यंत गेलेला रुंद नळा, नळ्याच्या बुडाशी लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेला जागा. नळ्यात काटक्या, करवंट्या, शेणीचे तुकडे टाकले की जाळ मधून वर चढतो आणि भोवतीचं पाणी तापतं. चुलीवरच्या हंड्याला आच लागते ती मुख्यतः बुडाला. इथे चूलच पाण्याच्या पोटात. शिवाय तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून अधिक वेगाने पुढे नेतं.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पत्रा ठोकून गोलाई आणायची, सांधे जोडायचे आणि शेवटी मठार करायचा, म्हणजे लहान हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जायचं. त्या ठोक्यांनी चकाकी येतेच, पण पत्रा कडकही होतो.

बंबाला ना दाबमापक, ना झडप. त्याची सुरक्षितता आहे उघड्या तोंडात. ४० लिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांवर गेलं की ते लिटरभराहून जास्त फुगतं आणि उकळलं तर वाफ धरते. या दोन्हींना वरच्या नरसाळ्यातून वाट मिळते, म्हणून बंबात दाब साठत नाही. दाबाखाली वाफ करणारं बंद भांडं कायद्याच्या लेखी बॉयलर ठरतं. बंब त्यात बसत नाही. पण कचरा पडू नये म्हणून कुणी नरसाळं बुचाने घट्ट बंद केलं, तर त्या साध्या भांड्याचा धोकादायक बॉयलर होतो. झाकण हवंच असेल तर ते सैल असावं.

रोजची रीतही ठरलेली. आधी जाळीखालची राख काढायची, नाहीतर हवा खालून शिरत नाही आणि जळण नुसतं धुमसतं. बंब काठोकाठ भरायचा. तोटीतून गरम पाणी काढलं की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं. बादलीत मात्र गार पाणी आधी, गरम नंतर. लहान मुलं भाजतात ती बहुधा इथेच. बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षारांचा थर चढतो आणि तेवढ्याच पाण्याला जळण जास्त लागतं.

धोक्याची खरी जागा बंद न्हाणीघर आहे. अर्धवट जळालेल्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसेनासा झाला तरी निखारे तो सोडतच राहतात. म्हणून बंब परसात किंवा उघड्या पडवीत, आणि जळण वाळलेलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या त्यात घालू नयेत. ४० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला हिशेबाने ४०० ग्रॅम सुक्या लाकडातली उष्णता पुरते. प्रत्यक्षात कितीतरी जास्त जळण जातं, कारण बरीच उष्णता धुरावाटे निघून जाते.

अमेरिकेच्या थंड राज्यांत याच तत्त्वावर अख्खं घर उबदार ठेवतात. अंगणात खोपटाएवढी भट्टी, तिच्याभोवती पाणी आणि ते जमिनीखालच्या नळांतून घरात. त्यातल्या बहुतेक भट्ट्याही बिनदाबाच्या, वरून मोकळ्या. तिथे भांडण पेटलं ते धुरावरून. न्यू यॉर्क राज्याने २०११पासून नियम लागू केले : नव्या भट्टीचं धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच हवं आणि घरगुती भट्टी शेजाऱ्याच्या हद्दीपासून १०० फूट लांब हवी. आपल्याकडे वाड्याच्या चौकात एवढी जागा कुठून येणार? पण शेजाऱ्याच्या खिडकीखाली बंब लावू नये, एवढं तरी पाळता येतं.

माळ्यावर आजीचा बंब पडून असेल, तर मोडीत घालण्याआधी तो पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली, तर आधी सांधे तांबटाला दाखवा; पेटवायचं नंतर.