खालचं शहर जळालं, वरचं वाचलं! थेसालोनिकीच्या 'आनो पोली'ची गोष्ट

मंडळी, ग्रीस म्हटलं की पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट आठवतात ना? उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा जुना भाग मात्र अगदी वेगळा आहे. त्याचं नाव आनो पोली, म्हणजे 'वरचं शहर'. टेकडीवर चढणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेली लाकूड-मातीची घरं. ती तुर्की धाटणीची वाटतात, कारण १४३० ते १९१२ इथे उस्मानी राज्य होतं. मुसलमान वस्ती मुख्यतः वर, तर ज्यू वस्ती खाली बंदराकडे होती.

मग खालचं जुनं शहर गेलं कुठे? १८ ऑगस्ट १९१७ रोजी एका निर्वासिताच्या घरातली ठिणगी गवतावर पडली. जोराच्या वाऱ्याने आग समुद्राकडे रेटली, त्यात पाण्याचा तुटवडा. सुमारे ९,५०० घरं जळाली, ७० हजारांहून जास्त लोक बेघर झाले. त्यातले बहुसंख्य ज्यू होते. पुढे फ्रेंच वास्तुरचनाकार अर्नेस्ट एब्रारच्या आराखड्यानुसार खाली सरळ, रुंद रस्ते आले. आनो पोली वाचलं आणि वाकड्या गल्ल्याही तशाच राहिल्या.

घरं राहिली, पण माणसं नाही. १९२३ च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्माच्या आधारावर लोकसंख्येची सक्तीने अदलाबदल केली. इथले मुसलमान गेले, तिकडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती निर्वासित आले. कुणाला रिकामी घरं मिळाली, कुणी थेट तटबंदीला टेकून खोल्या बांधल्या.

फिरायचं तर बसने वर जा आणि चालत उतरा, गुडघे दुवा देतील! माथ्यावरचा येदी कुले किल्ला १९८९ पर्यंत तुरुंग होता. एक मात्र लक्षात ठेवा. इथे नव्या इमारतीही जुन्या वळणाच्याच बांधल्या गेल्यात, त्यामुळे प्रत्येक सज्जा शंभर वर्षांचा समजू नका.

खरं जुनं पाहायचं असेल तर ओसिओस दाविद हे चिमुकलं चर्च चुकवू नका. उस्मानी काळात त्याची मशीद झाली आणि आतलं मोझेक गिलाव्याखाली गेलं. १९२० च्या दशकात ते पुन्हा उजेडात आलं. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या चित्रातला येशू तरुण आहे, आणि त्याला दाढीच नाही!