मोटारीचा तांबडा दिवा आणि शीतन-पंखा

मे महिन्याच्या भर दुपारी घाटात वाहनांची रांग अडकून पडावी, मोटार बैलगाडीच्या गतीने पुढे सरकत असावी आणि नेमक्या त्याच वेळी चालकासमोरील फलकावर लाटांत उभ्या असलेल्या तापमापकाचे चित्र तांबड्या प्रकाशात उजळावे, हा प्रसंग पुष्कळांच्या अनुभवाचा आहे. अशा वेळी काही चालक ‘वर पोचल्यावर पाहू’ असे म्हणून गाडी तशीच दामटतात. काही जण घाईघाईने उतरून रेडिएटरचे झाकण उघडतात. पहिल्यांचे एंजिन निकामी होते. दुसऱ्यांचे हात व तोंड भाजते. हे दोन्ही अनर्थ टाळावयाचे असतील, तर तो दिवा काय सांगतो आणि कोणाच्या सांगण्यावरून सांगतो, हे समजून घेतले पाहिजे.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोलच्या एंजिनात इंधनाचा स्फोट होतो तेव्हा सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर २,०००° से.च्याही वर जाते. एंजिनाचे फेरे मिनिटाला ३,००० असतील, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये असे स्फोट सेकंदाला २५ वेळा होतात. याउलट, ज्या ॲल्युमिनियमचे दट्टे आपण वापरतो ते ६६०° से.ला वितळते. म्हणजे एंजिन वितळत नाही याचे श्रेय धातूला नसून, त्यातून उष्णता सतत काढून नेणाऱ्या व्यवस्थेला आहे. इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यांतील बराच भाग धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तितकाच भाग शीतन-व्यवस्थेला वाहून न्यावा लागतो.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे व त्याबरोबर उष्णताही जाई. १८८८ साली त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला सुमारे १०० किमी. मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत वारंवार थांबून त्यांना पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बनविला आणि १९०१ च्या मर्सिडीज गाडीत तो आला. पाणी गमावण्याऐवजी तेच पाणी थंड करून पुन्हा वापरावयाचे, हे तत्त्व त्याने रूढ केले. आजची गाडी त्याच तत्त्वावर चालते.

पाण्याचा फेरा

एंजिनाच्या पोटातील पोकळ्यांतून पंप पाणी फिरवितो. तेथे तापलेले पाणी रबरी नळीवाटे रेडिएटरमध्ये जाते, बारीक नळ्यांतून वाहताना आपली उष्णता हवेला देते आणि निवून परत येते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेण ८०° ते ९०° से.च्या सुमारास वितळून प्रसरण पावते व झडप उघडते. त्यापूर्वी पाणी रेडिएटरकडे जातच नाही. कारण अतिथंड एंजिनही इंधन वाया घालविते व लवकर झिजते.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे. घरातील प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणे ते आतील दाब वाढू देते. वातावरणापेक्षा आत एक वातावरण अधिक दाब राहिला, तर पाणी १००° ऐवजी सुमारे १२०° से.ला उकळते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ८८° से.च्या आसपासच उकळते. तेथे या झाकणामुळे उत्कलनबिंदू ११५° से.च्या जवळपास टिकून राहतो. झाकणाचे रबर झिजले की हा लाभ जातो, आणि मग निर्दोष गाडीही चढणीवर उकळू लागते. पाण्यात मिसळलेले इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य गोठणबिंदू खाली नेते व उत्कलनबिंदू थोडा वर नेते. त्यासोबतची इतर रसायने गंज रोखतात. म्हणून नुसते पाणी भरणे हा केवळ प्रसंगी करावयाचा उपाय होय.

पंख्याचे काम

गाडी वेगाने धावत असता समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंख्याची खरी गरज गाडी थांबलेली किंवा रेंगाळत असताना असते. जुन्या गाड्यांत पंखा एंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. त्यामुळे एंजिन मंद चालले की पंखाही मंदावे, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो दुर्बळ ठरे. पुढे एंजिन आडवे बसविण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा पट्टा रेडिएटरपर्यंत नेणे अवघड झाले व विजेचा पंखा आला. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० या गाडीने ही रचना घरोघर परिचित केली.

विजेचा पंखा पाण्याचे तापमान १००° से.च्या आसपास पोचले की सुरू होतो व काही अंश उतरताच थांबतो. त्याला १० ते २५ अँपिअर इतका मोठा प्रवाह लागतो. एवढा प्रवाह नाजूक बटणातून नेता येत नाही. म्हणून लहान प्रवाहाने मोठा प्रवाह सुरू करणारा रिले मध्ये बसवितात आणि संरक्षणासाठी फ्यूज योजतात. वातानुकूलन सुरू केले तरी हाच पंखा फिरू लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दिव्यामागील साखळी

दिवा स्वतः काहीच मोजत नाही. पाण्यात बुडालेला एक लहान संवेदक असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत् रोध घटतो. गाडीतील संगणक तो रोध पाहून तापमान ठरवितो आणि त्यानुसार पंखा व दिवा यांना आज्ञा देतो. म्हणजे संवेदक, तार, संगणक, रिले, फ्यूज, पंखा व दिवा अशी ही साखळी आहे. तिची कोणतीही कडी तुटली तरी फलकावर गडबड दिसते. पण ती गडबड म्हणजे एंजिन तापलेच, असे नव्हे.

एक उदाहरण घेऊ. संवेदकाची तार तुटली, तर संगणकाला रोध अपार दिसतो. अपार रोध म्हणजे अतिशय कमी तापमान. भर उन्हाळ्यात एंजिन शून्याखाली ४०° असल्याचा निरोप त्याला मिळतो. हा निरोप खोटा आहे हे ओळखून तो एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लावतो आणि, धोका नको म्हणून, पुष्कळ गाड्यांत पंखा अखंड चालू ठेवतो. अज्ञ माणूस ‘पंखा बिघडला’ असे म्हणून पंखा बदलतो व पैसे दवडतो. वस्तुतः पंखा आज्ञा पाळत असतो. खोटे बोलत असतो तो संवेदक किंवा त्याची तार.

संगणक असे दोष सांकेतिक क्रमांकांनी नोंदवून ठेवतो. पी ०११८ हा क्रमांक संवेदकाच्या मंडलातील वरील प्रकारच्या दोषाचा, पी ०४८० पंख्याच्या नियंत्रण-मंडलाचा, तर पी ०१२८ हा पाणी पुरेसे तापत नसल्याचा, म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट उघडाच राहिल्याचा होय. मात्र क्रमांक दोषाची गल्ली दाखवितो, घर दाखवीत नाही. कोणता भाग बदलावा हे तपासणीनेच ठरवावयाचे असते.

दोषाचा शोध

पहिला प्रश्न असा की, गाडी केव्हा तापते? केवळ थांबली असता तापत असेल व वेगात निवत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. याउलट वेगात किंवा चढणीवर तापत असेल, तर रेडिएटरमध्ये साचलेला गाळ, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा दुर्बळ पंप यांचा विचार करावा. सर्वकाळ तापत असेल, तर प्रथम पाण्याची पातळी पाहावी. पाणी वारंवार कमी होते, पण गळती दिसत नाही व धुरातून पांढरी वाफ निघते, अशी लक्षणे असतील तर सिलिंडरवरील गॅस्केट फुटल्याचा संभव असतो.

पंख्यावर संशय असेल तर एंजिन चालू ठेवून वातानुकूलन सुरू करावे. पंखा फिरला, तर पंखा, त्याचा फ्यूज व वीजपुरवठा बहुधा ठीक आहेत. दोष संवेदकाच्या बाजूस शोधावा. न फिरल्यास प्रथम फ्यूज, मग रिले व शेवटी पंख्याची मोटर पाहावी. मोटरला बॅटरीची वीज थेट देऊनही ती फिरली नाही, तर दोष तिच्यातच आहे हे सिद्ध होते. या क्रमात स्वस्त व सोपी तपासणी आधी आणि महाग भाग शेवटी, हे सूत्र आहे.

दिव्याचीही परीक्षा असते. किल्ली फिरविताच फलकावरील सूचक दिवे क्षणभर लागून विझतात. तापमानाचा दिवा त्या यादीत असूनही लागला नाही, तर पहारेकरीच झोपला आहे असे समजावे.

दिवा लागताच काय करावे?

तांबडा दिवा लागला असता तर्क लढवीत बसू नये. तो खरा आहे असे मानूनच वागावे. वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी व एंजिन थांबवावे. थांबण्यास जागा मिळेपर्यंत आतील उबेचे यंत्र पूर्ण उघडावे. तेही एक लहान रेडिएटरच असल्याने काही उष्णता त्यातून बाहेर पडते. तापलेले एंजिन तसेच चालविले, तर ॲल्युमिनियमचा वरचा भाग वाकतो, गॅस्केट फुटते आणि शेवटी दट्टे सिलिंडरमध्ये जखडतात. काही मिनिटांच्या घाईची किंमत नव्या एंजिनाइतकी होऊ शकते.

झाकण मात्र उघडू नये. आतील पाणी १००° से.हून अधिक तापलेले, पण दाबामुळे न उकळलेले असते. झाकण फिरविताच दाब नाहीसा होतो, पाण्याच्या काही भागाची तत्काळ वाफ होते आणि ती उकळते पाणी घेऊन उसळते. निदान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी हाताला थंड लागली, तरच जाड फडके घेऊन झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातू तडकण्याचा धोका असतो. तसेच विजेचा पंखा एंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होऊ शकतो, म्हणून हात व पदर त्यापासून दूर ठेवावेत.

वैद्य जसा ताप पाहून थांबत नाही, तापाचे कारण शोधतो, तसेच येथेही आहे. दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो का लागला, हे क्रमाने शोधून काढणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.