चाकाचा ऑफसेट : तरफेचा एक धडा

विद्यालयात विज्ञानाच्या तासाला आम्ही सर्वांनी तरफेचा पाठ गिरवला आहे : भुजा लांबली की तेच वजन अधिक जोर दाखवते. आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात स्वतःची चारचाकी उभी आहे. कित्येकांचा उदरनिर्वाह तिच्यावरच चालतो. गाडी आली की हौसेने रुंद अलॉय व्हील बसविण्याचा मोहही होतो. त्या वेळी हा पाठ आठवावा, म्हणून हे टिपण.

रिमचा जो भाग हबवर टेकवून आवळला जातो, तो रिमच्या बरोबर मध्यावर असतोच असे नाही. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हा टेकणारा भाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असला तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असला तर ऋण. रिमवर ‘ईटी ४५’ असे कोरलेले असेल, तर ऑफसेट धन ४५ मिलिमीटर. त्याच रुंदीचे ‘ईटी २०’ रिम बसविले, तर प्रत्येक चाक २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच बाहेर सरकते. तेवढ्याच जाडीचा स्पेसर घातला तरी परिणाम तोच.

चाके बाहेर गेल्याने वळणावर गाडी थोडी कमी कलते, हा लाभ खरा आहे. परंतु तरफेची भुजाही लांबते. एका चाकावरील भार ४०० किलो धरला, तर या एका इंचाने हबला वाकविणारा जोर १० किलोग्रॅम-मीटरने बदलतो. खड्ड्यात तो आणखी वाढतो. बेअरिंग लवकर झिजते. तीच स्प्रिंग आता मऊ भासते, गाडी किंचित खाली बसते आणि माणसे भरली की टायर मडगार्डला घासू लागतो.

स्टिअरिंगचेही तसेच. ज्या अक्षाभोवती पुढचे चाक वळते, तो खाली जमिनीपर्यंत वाढविला, तर त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर चाक बाहेर सरकताच बदलते. ते वाढले की खड्ड्याचा हिसका थेट हाताला बसतो. एक चाक डांबरावर आणि दुसरे ओल्या मातीवर असताना ब्रेक लावला, तर गाडी एका बाजूला ओढली जाते.

आपल्या परभणी जिल्ह्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील रस्ते उंचसखल होतात. जिंतूर वा गंगाखेडकडील आडरस्त्याने कुटुंबासह जाताना हिसका आणि ओढ या दोन्हींशी गाठ पडते.

उलट ऑफसेट फार वाढविला, तर चाक आत जाऊन शॉकअपला घासते. म्हणून नवे रिम घेण्यापूर्वी मूळ रिमवरील अंक पाहावा, तोच दुकानदाराकडे मागावा आणि रुंदीही मूळचीच ठेवावी. चालत्या गाडीच्या चाकातून घुमणारा आवाज येऊ लागल्यास बेअरिंग त्वरित तपासून घ्यावे. शोभेसाठी वाढविलेल्या एका इंचाचा भार अखेर गाडीत बसलेल्या आपल्याच माणसांवर येतो.