सेकंदाला पस्तीस कोकरं

कार्तिकी वारीला आळंदीत उभं राहून एक साधा हिशेब करावा. माउलींच्या समाधीपुढे प्रत्येकाला फक्त एक सेकंद दिला आणि मंदिर रात्रंदिवस उघडं ठेवलं, तरी चोवीस तासांत 86,400 जणांचंच दर्शन होतं. चार लाख वारकरी आले तर साडेचार दिवसांहून जास्त वेळ लागेल. म्हणून तर कितीतरी जण इंद्रायणीत स्नान करून कळसदर्शनावरच समाधान मानतात. 2011 च्या जनगणनेत या गावाची वस्ती तीस हजारांच्या आत होती. यात्रेच्या आठवड्यात तेवढी माणसं एकेका रस्त्यावर दिसतात.

हा हिशेब मनात ठेवून दोन हजार वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमकडे पाहिलं, की ख्रिस्ती धर्माची सुरुवात निराळीच दिसू लागते. ज्यूंचं मुख्य मंदिर तिथे होतं आणि वर्षातून तीन सणांना तिथे यात्रा भरे. हेरोद राजाने या मंदिराचा चौथरा वाढवून सुमारे 36 एकरांचा केला. पश्चिमेची भिंत 488 मीटर लांब. तिच्यातला एक दगड 13 मीटरांहून लांब आणि 3 मीटर उंच आहे. त्याच्या वजनाचे अंदाज अडीचशे टनांपासून पाचशे टनांच्या पुढे जातात. तो आजही जागेवर आहे.

वल्हांडण हा त्यांतला मोठा सण. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो, की सीरियाचा रोमन सुभेदार सेस्टियस गॅलस याला नीरो बादशहाला शहराची ताकद दाखवायची होती. डोकी कशी मोजणार? पुरोहितांनी कोकरं मोजली. एका कोकराला निदान दहा माणसं, एकट्याने खायचं नाही, असा नेम होता. आकडा आला अडीच लाखांच्या वर आणि त्यावरून माणसं धरली सत्तावीस लाख.

आता आळंदीचा हिशेब इथे लावू. जोसेफसच्याच म्हणण्याप्रमाणे कोकरं कापायची ती दुपारी तीन ते पाच. दोन तासांचे 7,200 सेकंद. म्हणजे सेकंदाला पस्तीस कोकरं, तीही एका मंदिराच्या आवारात! हे होणं शक्य नाही. आधुनिक अभ्यासक यात्रेकरूंचा अंदाज सव्वा लाखापासून पाच लाखांपर्यंत करतात. पण आकडा खाली आणला म्हणून थक्क होणं कमी होत नाही. तीन लाख माणसं धरली तरी तीस हजार कोकरं, सेकंदाला चार. ते कसं जमवत, याचं वर्णन मिश्ना या ज्यू ग्रंथात आहे. लोकांच्या तीन तुकड्या करत. एक तुकडी आत आली, की दरवाजे बंद. पुरोहित रांगांनी उभे, एका रांगेच्या हातांत चांदीची भांडी, दुसरीच्या हातांत सोन्याची. भरलेलं भांडं हातोहात वेदीकडे जाई आणि रिकामं परत येई. लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, तोवर स्तोत्रं गात असत. मोठ्या यात्रेचा बंदोबस्त ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या शिस्तीचं मोल सांगायला नको.

या गर्दीवर राज्य होतं रोमचं. रोमन सेनापती पॉम्पीने इसवी सनापूर्वी 63 मध्ये जेरुसलेम घेतलं आणि इसवी सन 6 पासून यहूदिया प्रांत थेट रोमन अधिकाऱ्याच्या ताब्यात आला. त्याच्या हाताशी सैन्य जेमतेम तीन हजारांच्या आसपास. मोठ्या पलटणी दूर सीरियात. आणि सण कशाचा? गुलामगिरीतून सुटका झाल्याचा. म्हणून अधिकारी सणाला समुद्रकाठचं कैसरिया सोडून जेरुसलेमात येऊन बसे. गालीलमधून आलेल्या येशू नावाच्या ज्यू उपदेशकाला इसवी सन 30 च्या सुमारास क्रुसावर दिलं, ते पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत आणि याच सणाच्या गर्दीत. एवढ्या जमावापुढे एवढंसं सैन्य असलेल्या राज्यकर्त्याला एकेका उपदेशकाची धास्ती का वाटत असेल, हे या आकड्यांवरून कळतं.

मला मोठ्या आकड्यांपेक्षा पुढचा लहान आकडा जास्त विलक्षण वाटतो. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगतं, की येशूमागे उरलेली मंडळी होती सुमारे 120. सगळे ज्यू. ते मंदिरात जात, ज्यूंचे सण पाळत. आपण नवा धर्म काढतो आहोत असं त्यांच्या मनातही नव्हतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी 1996 मध्ये एक गणित मांडलं. इसवी सन 40 मध्ये हजार अनुयायी धरा आणि दर दहा वर्षांनी 40 टक्के वाढ. इसवी सन 100 मध्ये होतात साडेसात हजार, म्हणजे सुमारे सहा कोटींच्या साम्राज्यात आठ हजारांत एक. 200 मध्ये दोन लाखांच्या वर, 300 मध्ये 63 लाख, 350 मध्ये जवळपास साडेतीन कोटी. वर्षाची वाढ फक्त साडेतीन टक्क्यांच्या आत. बँकेच्या ठेवीवरही याहून जास्त व्याज मिळतं! चमत्कार वेगाचा नव्हता, वाढ तीनशे वर्षं न थांबण्याचा होता.

ती थांबली नाही याची दोन कारणं मला खरी मोठी वाटतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या शहरांत ज्यूंची सभास्थानं आधीच होती. येशूचा संदेश पसरवणारा पौल गावोगाव प्रथम तिथेच जाई. आणि इसवी सन 49 च्या सुमारास जेरुसलेममध्ये ठरलं, की परक्यांना सुंतेची अट नाही. दार उघडलं ते त्या दिवशी.

मग 70 साल आलं. ज्यूंचं बंड मोडायला रोमन सेनापती तीतसने जेरुसलेमला वेढा घातला तो वल्हांडणाच्या तोंडावर, यात्रेकरू आत असताना. जोसेफस अकरा लाख मृत आणि 97,000 कैदी सांगतो. त्याच्या कोकरांसारखा हाही आकडा फुगलेला असेल, पण मंदिर जळालं हे खरं आणि ते पुन्हा उभं राहिलं नाही. मंदिराच्या त्याच परंपरेतून मग रब्बींचा ज्यू धर्म आणि येशूचे अनुयायी अशा दोन वाटा झाल्या, त्याही हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या भांडत.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या परंपरेत तर मंदिर पडण्याआधीच त्यांचे पूर्वज निघाले होते. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं ते सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वीसेक हजार झाले. परंपरा खरी धरली तर ही वाढ वर्षाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी, कारण ती घरच्या पाळण्यातून झालेली. दार उघडं ठेवलेल्या पंथाचं आणि घर जपलेल्या समाजाचं गणित इतकं वेगळं असतं.

ही सगळी कथा, आधी ज्यूंची आणि मग ख्रिस्ताची, मराठीत ओवीबद्ध झाली ती 1616 मध्ये. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रायतूरला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त जवळपास 11 हजार ओव्या आहेत. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार.

आज जगात ख्रिस्ती दोनशे कोटींच्या वर आहेत आणि ज्यू सुमारे दीड कोटी. वल्हांडण दोघांच्याही पंचांगात आहे. ज्यू तो घरच्या जेवणाने पाळतात, ख्रिस्ती ईस्टरच्या रूपाने. मंदिरात कोकरू मात्र 1,900 वर्षांहून अधिक काळ कापलं गेलेलं नाही.