मुरली मकई आणि डोंगरातलं बियाणं

सिक्कीम विधानसभेनं २००३ मध्ये सेंद्रिय शेतीचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झालं. तिथल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत धान्यपीक म्हणून सगळ्यात जास्त लावला जातो तो मका. कोंबडीखाद्य आणि स्टार्चसाठी मका पिकवणाऱ्या महाराष्ट्रात हेक्टरी उतारा पाहून वाण निवडतात. सिक्कीमच्या शेतकऱ्याला तेवढ्यानं भागत नाही. मका नत्राचा भुकेला. युरिया बंद झाल्यावर ती भूक शेणखतावर आणि सोबत पेरलेल्या सोयाबीनसारख्या शेंगवर्गीय पिकांवर भागवायची, म्हणजे रासायनिक खत घालून घेतलेल्या चाचणीतला पहिला नंबर इथं टिकेलच असं नाही.

अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘विवेक क्यूपीएम ९’ हा २००८ चा संकरित वाण मला मोलाचा वाटतो. तो लवकर तयार होतो, आणि मूळ ‘विवेक संकर ९’पेक्षा त्यात प्रथिनांतली दोन आवश्यक अमिनो आम्लं जास्त आहेत: लायसिन सुमारे ३० टक्के, तर ट्रिप्टोफॅन सुमारे ४० टक्के. मका हेच जिथं पोटभरीचं अन्न, तिथल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट. मात्र हा गुण ज्या जनुकामुळे येतो, ते अप्रभावी आहे, म्हणजे साध्या मक्याचं जनुक सोबत आलं की ते दबतं. मक्याच्या कणसाचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. शेजारच्या साध्या मक्याचा पराग वाऱ्यानं येऊन त्या केसावर पडला, की त्याच्या टोकाचा दाणा त्याच हंगामात साध्या प्रथिनांचा होतो. बीजोत्पादनात असा पराग टाळायला शेतांत दोन-चारशे मीटर अंतर ठेवतात. घरापुढच्या चिंचोळ्या पट्टीत ते कुठून आणायचं? शिवाय संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं; घरचं पेरलं तर पुढचं पीक उंचसखल येतं आणि उतारा घसरतो.

दुसऱ्या टोकाला सिक्कीमची मुरली मकई. एन. एल. धवन यांनी १९६४ मध्ये तिचं वर्णन केलं आणि शास्त्रज्ञांत ती ‘सिक्कीम प्रिमिटिव्ह’ म्हणून गाजली. एकाच ताटाला पाच ते नऊ कणसं लागतात, छोटी पण जवळपास सारख्या आकाराची. तुरा खाली झुकलेला. कणसं वाळतात तेव्हाही पानं हिरवी राहतात, म्हणजे धान्याबरोबर जनावरांना ओला चाराही मिळतो. दाणा बारीक, टणक, लाह्यांना उत्तम. उताऱ्यात ती संकरित वाणापुढे टिकणार नाही, हे मान्य. पण तिचं बी घरचं असतं.

रोजच्या अन्नासाठी माझं मत संमिश्र वाणांच्या, म्हणजे अनेक वाण एकत्र मिसळून खुल्या परागीकरणानं वाढवलेल्या वाणांच्या बाजूनं पडतं. मेघालयातल्या उमियमच्या संशोधन केंद्रानं ईशान्येच्या डोंगरांसाठी आरसीएम मालिकेतले असे वाण काढले आहेत. त्यांचं बी शेतकरी काही वर्षं राखू शकतो. मात्र शेताच्या मध्यभागातली शंभरेक निरोगी ताटं निवडून, त्यांची कणसं एकत्र करून. दोन-चार कणसांवर भिस्त ठेवली तर पीक पिढीगणिक दुबळं होतं. कणसावरची पानं टोकापर्यंत घट्ट मिटतात का, हेही पाहावं. पावसाळी डोंगरात कणीस आतून बुरसू नये आणि साठवणीत सोंडकिडा लागू नये, यासाठी ते आवरण फार उपयोगी.

गावानं वरच्या पायऱ्यांवर मुरली आणि खालच्या शेतांत संमिश्र वाण लावायचं ठरवलं, तरी परागकण वाटणी मानत नाहीत. म्हणून दोन्हींच्या पेरणीत तीनेक आठवड्यांचं अंतर ठेवावं, म्हणजे एकाचा तुरा झडेपर्यंत दुसऱ्याच्या कणसाला केस फुटत नाहीत. मात्र त्यासाठी वाण किती दिवसांत तुऱ्यावर येतो, हे त्या-त्या उंचीवर मोजावं लागतं. थंडीत तेच बी कितीतरी दिवस जास्त घेतं.