चुलीचा धूर आणि बाईचं हृदय

बिडी नाही, तंबाखू नाही, तरी चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि संध्याकाळी पाय सुजतात, अशा आयाबाया आम्ही वॉर्डात खूप पाहिल्या. केसपेपरवर व्यसनाचा रकाना असतो, चुलीचा नसतो.

चुलीकडे बोट दाखवलं डॉ. एस. पद्मावती यांनी. भारतातल्या त्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. जन्म १९१७ चा, ब्रह्मदेशातला, डॉक्टरकी रंगूनला. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे देश सोडावा लागला. पुढे लंडन, अमेरिकेत हेलन टाउसिग यांच्याकडे शिक्षण, आणि मग दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज. १९५९ साली त्यांनी दिल्लीतल्या ‘कॉर पल्मोनेल’च्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसं खराब झाली की त्यांत रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते, तो हा आजार. विडी ओढणाऱ्या बायका थोड्या, पण आजारी बायका बऱ्याच! संशय गेला गोवऱ्यांच्या धुरावर. पद्मविभूषण वगैरे त्यांना मिळालंच. आम्हाला हा संशय मोठा वाटतो.

२०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर आले, पण भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते.

मायबहिणींनो, दम लागणं वयावर ढकलू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, किती वर्षं चुलीवर रांधलं, रोज किती वेळ. छातीचा एक्स-रे, ईसीजी करून घ्या आणि टू-डी एको लागेल का, तेही विचारा.