घर वाढवताय? आधी शेजारच्या जुन्या वास्तूचा नियम बघा



गटातून कर्ज काढून एखादी खोली वाढवणं किंवा पत्र्याच्या जागी स्लॅब टाकणं आपल्याकडे नेहमीचंच. पण तुमचं घर किल्ला, लेणी किंवा जुन्या देवळाच्या जवळ असेल, तर पैसे उचलायच्या आधी हे नीट वाचा.

हे खातं कोणतं?
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाचं खातं आहे. आपण त्याला साध्या भाषेत 'पुरातत्त्ववाले' म्हणतो. ते १८६१ साली सुरू झालं. देशभरातल्या सुमारे ३,७०० वास्तू आणि स्थळं त्याच्याकडे आहेत. अजिंठा-वेरूळची लेणी, रायगड, दौलताबादचा किल्ला, लोणारचं दैत्यसूदन मंदिर ही त्यातलीच. त्यांची राखण, डागडुजी आणि उत्खनन हे या खात्याचं काम.

नियम काय सांगतो?
१९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार:
- संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी.
- त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, पण परवानगी घेऊनच.

अंतर देवळाच्या दारापासून नाही, तर संरक्षित हद्दीपासून मोजतात. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय बांधलेलं पाडावं लागलं, तरी कर्जाचा हप्ता चालूच राहतो!

इतका कडकपणा कशाला?
पाया खोदताना जमिनीखालचे जुने अवशेष फुटतात. सांडपाणी मुरलं की जुन्या भिंतींचा पाया कमजोर होतो. एकदा ढासळलेलं पुन्हा तसंच उभं करता येत नाही.

मग जुनं घर गळत असेल तर?
घाबरू नका. १०० मीटरच्या आतलं घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल, तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. म्हणून जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, नमुना ८ चा उतारा जपून ठेवा. घर किती जुनं आहे हे दाखवायला तेच कामी येतात.

आपण काय करायचं?
१. वास्तूजवळचा फलक वाचा. ती केंद्राची की राज्याची, ते कळेल. राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे चौकशी करा.
२. ग्रामपंचायतीची परवानगी मिळाली किंवा घरकुल मंजूर झालं, म्हणजे ही परवानगी मिळाली असं नाही. ती वेगळी काढावी लागते.
३. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण तो तपासतं. कायद्यातली मुदत धरली तरी तीन-साडेतीन महिने जातात. तेव्हा विटा-सिमेंट आधी आणून टाकू नका.
४. अर्जाची पोच घ्या आणि प्रत घरात ठेवा.

पुढच्या मासिक बैठकीत घरदुरुस्तीच्या कर्जाची मागणी आली, तर एक प्रश्न नक्की विचारा: "ताई, तुमच्या घराजवळ संरक्षित वास्तू आहे का?" उत्तर 'हो' असेल, तर आधी परवानगी, मग कर्ज.